शाळेत मावशी म्हणायचं

“तुझी मम्मी नाही आली?” रियाने विचारलं.

शुक्रवार होता. सिनिअर केजीचा वर्ग. सतरंजीवर पोरं मांडी घालून बसलेली. समोर लाल खुर्चीत एका मुलाची मम्मी गोष्टीचं पुस्तक उघडून बसलेली. आणि मी कोपऱ्यात, गुडघ्यांवर. एका पोराने उलटी केली होती, ती पुसत होते. अंगात तपकिरी अ‍ॅप्रन, बाजूला फिनेलची बादली.

रियाने ज्या मुलीला विचारलं, ती माझी धनू. सहा वर्षांची. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चांगलं नीट पाहिलं.

“नाही आली,” ती म्हणाली.

“त्या मावशी तुझ्याकडे का बघतायत?”

“मला काय माहीत. मावशी आहे ती.”

मी पुसत राहिले. फरशी कधीच साफ झाली होती, तरी पुसत राहिले.

धनूची काही चूक नव्हती. तिला हे मीच शिकवलं होतं.

एव्हरशाईन कॉलनीतल्या या शाळेत मी चार वर्षं मावशी आहे. पोरांना बाथरूमला न्यायचं, धुवायचं, डबे उघडून द्यायचे, वर्ग झाडायचे. आमचं गाव मिठागरांच्या कडेला. तिथून शेअर रिक्षाने यायचं. कामावर असणाऱ्या बाईच्या एका मुलाला फी माफ, असा इथला नियम. धनूला घातलं तेव्हा हेडमॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “एक गोष्ट लक्षात ठेवा. शाळेत तिने तुम्हाला आई म्हणायचं नाही. इतर मुलं म्हणतात तसं मावशीच म्हणायचं. डिसिप्लिनचा प्रश्न आहे.”

मी म्हटलं, “हो मॅडम.”

लाज वाटते सांगायला, पण हेच म्हटलं. वर थँक्यू पण म्हटलं.

मग रिक्षा स्टँडवर उभी राहून मी पोरीकडून घोकून घेतलं. शाळेत मी कोण? मावशी. पडलीस, लागलं, तर कुणाला हाक मारायची? मावशीला. चुकून आई म्हणाली की मी डोळे वटारायचे. तेव्हा साडेतीन वर्षांची होती हो ती. पहिल्या आठवड्यात घसरगुंडीवरून पडली, ओठ फुटला. “आ” एवढंच तोंडातून निघालं आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. टीचर म्हणाल्या, “गुड गर्ल!”

आणि मला बरं वाटलं. काय बाई होते मी!

यंदा धनू वाचनात मागे पडली. बाकीची पोरं कॅट, मॅट धडाधड वाचायची, ही नुसती चित्राकडे बघायची. टीचरनी मला कॉरिडॉरमध्येच गाठलं. “मावशी, धनश्री खूप वीक आहे. असंच चाललं तर पहिलीत घेता येणार नाही. घरी कोणी घेत नाही का तिचा अभ्यास?” मग स्वतःच म्हणाल्या, “तुमच्याकडे कोण घेणार म्हणा.”

आमच्याकडे कोण घेणार! माझा नवरा टेम्पोवर. सासू मिठागरात पाय झिजवून आता ओट्यावर बसलेली. मी दहावी, तीही मराठीतून.

पण चार वर्षं मी त्याच वर्गांच्या दारात पोछा मारतेय. कान काय घरी ठेवून येते? टीचर पोरांना अक्षरांची नावं नाही, आवाज शिकवतात. नुसते आवाज. ते एकमेकांना चिकटवले की शब्द होतो. आणि इथेच आपल्या लोकांचा घोळ होतो. आपण बाराखडीवर वाढलेले. क म्हटला की त्याच्या पोटात अ आलाच. मोठमोठ्या शिकलेल्या मम्म्या पेरेंट्स मीटिंगला तेच करतात. कअ, अ‍ॅ, टअ. लांबच लांब शेपटं. पोराने ते जोडायचं कसं? टीचर दर मीटिंगला सांगून थकल्या, तरी बायकांची सवय जात नाही.

माझीही जात नव्हती. मग एकदा तापल्या तव्यावर खडेमीठ पडलं. टक्. मी धनूला म्हटलं, “ऐकलंस? ट एवढाच. मीठ उडतं तेवढाच. त्याच्यापुढे तोंड उघडायचं नाही.” ती खुदकन हसली. मग आम्ही रोज चुलीपाशी बसायचो. भाकरी थापता थापता मी आवाज काढायची, ती जोडायची. सासू ओट्यावरून ओरडायची, “काय गो मायलेकींचं ट्क ट्क चाललंय? पानी आनलंय का कोनी?”

महिना गेला आणि एका संध्याकाळी धनूने माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. लाल कोंबडीची गोष्ट होती, शाळेच्या रद्दीतून आणलेली. बोट ठेवून तिने वाचलं. र्, ए, ड्. रेड. ह्, ए, न्. हेन. मग माझ्याकडे न बघता पुढची ओळ. मी पिठाच्या हातांनी तिचा मुका घेतला. सासूचे डोळे भरले.

शाळेत दर शुक्रवारी एक मम्मी येऊन वर्गाला गोष्ट वाचून दाखवते. हजेरीच्या नंबरप्रमाणे. यादी दाराला चिकटवलेली असते. अकरा नंबरला धनश्री. म्हणजे मी.

मी आठवडाभर लाल कोंबडी घोकली. शुक्रवारी लग्नातली मोरपिशी साडी नेसले, अ‍ॅप्रन पिशवीत ठेवला. धनू रिक्षात माझ्या पदराशी खेळत होती. “आज तू खुर्चीत बसणार?” “हो.” “मग आज आई म्हणू?”

“म्हण,” मी म्हटलं.

हेडमॅडम जिन्यातच भेटल्या. साडी बघून थांबल्या. “मावशी, अ‍ॅप्रन कुठाय?”

मी यादीचं सांगितलं. आधी त्यांना कळेचना. मग कळलं आणि त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “अहो, ज्या हातांनी मुलांची शी धुता, त्याच हातांनी पुस्तक वाचून दाखवणार? पेरेंट्सना कळलं तर काय म्हणतील? बारा नंबरच्या मम्मी मुलाला सोडायला आल्यात, त्यांनाच बसवते मी. तुम्ही वर्गात जा, कुणीतरी व्हॉमिट केलंय.”

मी अ‍ॅप्रन घातला. मोरपिशी साडीवर.

पुढचं सुरुवातीलाच सांगितलंय. एकच सांगायचं राहिलं. त्या बारा नंबरच्या मम्मीच्या हातात लाल कोंबडीच होती. त्या पोरांना फोड करून सांगत होत्या, “हअ, ए, नअ.” धनूने चटकन माझ्याकडे बघितलं. तिला चूक कळली होती. मलाही. वर्गात आम्हां दोघींनाच कळली होती.

घरी आल्यावर ती दप्तर टाकून म्हणाली, “मावशी, पाणी दे.”

माझा हात उठला. फाडकन तिच्या गालावर. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही. भांबावून म्हणाली, “तूच तर शिकवलंस.”

ती थप्पड मला बसायला हवी होती. अडीच वर्षांपूर्वी, त्या केबिनमध्ये.

सोमवारी मी केबिनमध्ये गेले. स्वतःहून खुर्ची ओढून बसले. म्हटलं, “मॅडम, आजपासून धनू मला आई म्हणेल. आणि अकरा नंबर मी वाचणार.”

त्या लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाल्या, “फी माफी नोकरीवर आहे, हे माहितीय ना? शनिवारपर्यंत विचार करून सांगा.”

मी बाहेर आले. करणार काय? झाडू उचलला.

वर्गात डबे उघडून देत होते. धनूने डबा पुढे केला. झाकण घट्ट बसलं होतं. तिने टीचरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. आता ती मला आई म्हणत नाही, मावशीही म्हणत नाही. हाकच मारत नाही.

“हिची मम्मी कधीच येत नाही,” रिया म्हणाली.

मी झाकण उघडलं. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हटलं, “मीच हिची मम्मी. रोज येते.”

टीचरच्या हातातला खडू थांबला. पोरं बघत राहिली. धनूने मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. ती खूश झाली असं मी म्हणणार नाही. घाबरली होती.

आज शुक्रवार आहे. उद्या शनिवार. माझं उत्तर त्यांना सोमवारीच मिळालंय, दुसरं मिळणार नाही. पोरीला पहिलीत घेतील की नाही, मला ठेवतील की काढतील, माझ्या हातात काही नाही.

लाल कोंबडी पिशवीत आहे. ठेवलं तर हाच अ‍ॅप्रन घालून, ह्याच हातांनी लाल खुर्चीत बसून वाचेन. काढलं तर शाळा सुटताना फाटकाबाहेर, सगळ्या मम्म्यांच्या मध्ये उभी राहून मोठ्याने वाचेन. अकरा नंबर माझा आहे. वाचल्याशिवाय सोडणार नाही.