काचवालीच्या गाडीचे पाटे

काचवालीला कोणी "आता पुरे करा" म्हटलं, की तिच्या तोंडाआधी तिची डावी भुवई उत्तर द्यायची. ती भुवई वर चढली की ओळखीचे लोक विषय बदलत. मुलगा मात्र बदलत नसे, कारण भुवई त्यालाही तशीच होती, आईकडूनच आलेली.

विषय गाडीचा होता. दुकानाच्या बाजूच्या बोळात उभी असलेली ती फिकट निळी पिकअप मुलाहून वयाने मोठी. पुढे एका लांब सीटची केबिन, मागे उघडा हौदा, हौद्यात काचा उभ्या टेकवायला लाकडी घोडी आणि घोडीला जुन्या ब्लँकेटचं अस्तर. असल्या गाड्या आता रस्त्यावर दिसत नाहीत, त्यामुळे लोक थांबून बघत. बॉनेटवरून हात फिरवत, "काय दिवस होते!" म्हणत, आणि पुढच्याच वाक्यात ती विकून टाकायचा सल्ला देत. फुकटच्या सल्ल्याला काचवाली काय भाव देत असे ते सांगायला नको.

पण खोटं कशाला बोला, गाडी दिसायला जेवढी देखणी तेवढीच बसायला खाष्ट होती. काचवालीच्या नवऱ्याने ती एका विटा वाहणाऱ्याकडून घेतलेली. मागच्या चाकांवर पोलादाचे कमानपाटे, धनुष्यासारखे वाकलेले, एकावर एक रचून बांधलेले. विटांचं ओझं पेलावं म्हणून त्या विटावाल्याने त्यात आणखी पाटे घुसवले होते. विटांना त्याचं काही वाटलं नाही. पण घोडीवरच्या चार काचा त्या पाट्यांच्या खिजगणतीतही नसत. ते जागचे हलत नसत, आणि पाटे हलले नाहीत की रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ माणसाच्या मणक्यात येऊन बसतो.

काचवाली लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला काचेतलं काही येत नव्हतं. हिऱ्याच्या कलमाने रेघ एकदाच ओढायची, दुसऱ्यांदा ओढलीस तर काच ऐकणार नाही, हे नवऱ्याने तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं, आणि दुसऱ्या आठवड्यात ती त्याच्या रेघांना नावं ठेवायला लागली. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. म्हणून माल पोचवायला दोघं बरोबरच जात. पुढे तिला दिवस गेले, तेव्हा नवरा म्हणाला, "आता तू घरी बस." ती बसली नाही. दोघांची खडाजंगी झाली, शेजाऱ्यांची करमणूक झाली, आणि शेवटी नवऱ्याने हात टेकले. त्याने जाड वाळू आणून गोण्या भरल्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर वर, हौद्यात, आडव्या घातल्या. वजन पडल्यावर पाटे जरासे नमले. गाडी लोण्यासारखी काही चालली नाही, पण निदान माणसांची गाडी वाटायला लागली.

"तू जन्माला यायच्या आधीच या वाळूवर स्वार होऊन सगळं गाव पालथं घातलंस," असं ती मुलाला लहानपणी सांगायची. तेव्हा तो हसायचा.

नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. भेटायला आलेल्या दिराने बराच वेळ छताकडे बघून विचारलं, "आता गाडी कोण चालवणार?" काचवाली म्हणाली, "मी." त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. गोण्यांची कापडं फाटली की ती नवी शिवायची, पण आतली वाळू तीच राहिली. रोज सकाळी काचा चढवायच्या आधी ती गोण्यांवर हात टाकून त्या जागेवर आहेत ना ते बघायची.

मग एका सकाळी कंबरेने संप पुकारला. कॉटवरून उठायला सुनेचा हात धरावा लागला, आणि हे तिला दुखण्यापेक्षा जास्त झोंबलं. डॉक्टरांनी कंबरेचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "धक्के बंद करा." मुलाने घरी येऊन सांगितलं, "डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय." काचवाली म्हणाली, "त्यांनी धक्के बंद करायला सांगितलेत. मी तिथेच होते."

मुलाने तेवढ्यात गिऱ्हाईकही शोधलं होतं. गावाबाहेरच्या नव्या हॉटेलच्या मालकाला ती पिकअप हवी होती. चालवायला नव्हे. प्रवेशद्वारापाशी उभी करून हौद्यात फुलझाडं लावायची, संध्याकाळी दिवे सोडायचे, लोकांनी फोटो काढायचे. याच हॉटेलवाल्याने काचवालीकडे दालनासाठी माणसाहून उंच आरसाही सांगितला होता.

"रोज दिसेल तरी, आई," सून समजुतीने म्हणाली. "आपण अधूनमधून जाऊन बघत जाऊ."

"गाडीत फुलं लावणार," काचवाली म्हणाली, "आणि मला कुठे मांडणार? बाल्कनीत?"

"आई, कोणी तुला मांडत नाहीये. तुझी कंबर..."

"कंबर माझी आहे. ती गाडीवर रुसलीय, तर गाडी सुधारते. मी पाटे बदलून घेते."

"आणि एवढं करून त्या जुन्या खटाऱ्यात काच फुटली तर?"

खटारा हा शब्द मुलाने वापरायला नको होता. काचवाली ताडकन उठली, कंबरेतून कळ गेली ती तिने चेहऱ्यावर येऊ दिली नाही, आणि म्हणाली, "पाटे बदलल्यावर त्या गाडीत एक जरी काच फुटली, तर किल्ली तुझ्या हातात देईन. मग लाव गुलाब."

गाडी वस्तादाकडे गेली. वस्ताद म्हणजे नवऱ्याचा जुना मित्र, गॅरेजवाला. तेलाने काळे झालेले हात आणि बोलायला लागला की न थांबणारी जीभ. तिचं म्हणणं ऐकून त्याने टोपी मागे सारली.

"वहिनी, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो पाटे वाढवा, गाडी कडक करा. तुम्ही पहिल्याच, ज्या म्हणताय काढा."

"मला विटा वाहायच्या नाहीत. मला काचा वाहायच्यात आणि स्वतःला."

गंजलेले बोल्ट पाना लावून हलेनात, तेव्हा वस्तादाने ते करवतीने कापले. पाट्यांची चळत सुटी झाली तेव्हा पाट्यांच्या मधून वर्षानुवर्षांचा चिखल खपल्यांनी गळला. विटावाल्याने घुसवलेले जाड पाटे त्याने बाजूला टाकले. उरलेले घासून, मध्ये घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या बसवून पुन्हा बांधले. टोकांची रबरं नवी घातली. आतला दम कधीच निघून गेलेले शॉकॲब्सॉर्बर काढून नवे जाड बसवले, म्हणजे गाडी खड्ड्यात दबली की नंतर उड्या मारत बसणार नाही. काचवाली स्टुलावर बसून सगळं बघत होती आणि मधूनमधून सूचना करत होती. वस्तादाने दोनदा तिला चहा देऊन गप्प करायचा प्रयत्न केला. ती चहा पिऊन परत सुरू झाली.

शेवटी तिने गाडी गॅरेजबाहेर काढली आणि मुद्दाम रस्त्यातल्या रेल्वे फाटकाजवळच्या उंचवट्यावरून नेली. गाडी अलगद दबली, उठली आणि पुढे गेली. कंबर काहीच बोलली नाही. काचवालीला इतकं हसू आलं, की शेजारी बसलेला वस्ताद घाबरला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलचा आरसा पोचवायचा होता. तो घोडीवर चढवला, पट्ट्यांनी आवळला, आणि काचवाली एकटीच निघाली. उतरवून घ्यायला हॉटेलात माणसं होती. त्याच फाटकाजवळच्या उंचवट्यावर गाडी दबली आणि खालून धप्पकन आवाज आला, दार आपटल्यासारखा. पाठोपाठ दुसरा आवाज आला. तो आवाज काचेचं काम करणारा झोपेतही ओळखतो. तिने गाडी कडेला घेतली. आरसा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकला होता आणि त्यात तिच्या चेहऱ्याचे दोन भाग वेगवेगळ्या उंचीवर दिसत होते.

मुलगा दुकानात उभा होता. त्याने नुसता हात पुढे केला. ओरडला असता तर ती त्याला पुरून उरली असती. त्या हाताशी भांडता येईना. तिने किल्ली काढली आणि काच कापायच्या टेबलावर, दोघांच्या मधोमध ठेवली.

"देते. पण का फुटली ते कळल्यावर."

"आई, असं चालणार नाही. शब्द दिला होतास."

"शब्द मोडत नाहीये. थांबवतेय. टेबल माझं आहे, किल्ली तोवर इथेच राहील. वस्तादाला बोलव."

वस्ताद आला, गाडीखाली सरपटला आणि बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत राहिले. बाहेर येऊन तो म्हणाला, "मागचा एक्सल वर जाऊन गाडीच्या सांगाड्याला आदळलाय. मधला रबरी ठोकळा चेपलाय बघा. पण एवढ्या वजनाला हे व्हायचं कारण नाही." मग तो उठला, त्याने हौद्यात डोकावलं आणि कपाळावर हात मारून घेतला. काळ्या हाताचा ठसा तसाच राहिला.

"वहिनी! या गोण्या?"

"नेहमीच्याच आहेत."

"कडक पाटे नमवायला गोण्या होत्या ना? आता पाटे मीच नमते केलेत. त्यावर पुन्हा हे ओझं टाकलंत, त्यावर आरसा. गाडी बसणार नाही तर काय करणार?"

"मग काढा म्हणून सांगायचं होतंत!"

"गाडी न्यायला आलो तेव्हाच काढून तुमच्या बोळात भिंतीशी रचून गेलो होतो मी! कोणी उचलून परत ठेवेल असं मला वाटणार का?"

तिनेच ठेवल्या होत्या. पहाटे उठून, कंबर सांभाळत, एकेक ओढत. डोक्याला विचारलंच नव्हतं. भिंतीशी टाकलेल्या गोण्या बघून तिला नवऱ्याला कोणी घराबाहेर काढून बसवल्यासारखं वाटलं होतं, आणि तिने त्याला आत घेतलं होतं. हे आत्ता, वस्तादाच्या कपाळावरचा काळा ठसा बघताना, तिच्या लक्षात आलं. भुवई खाली उतरली. मुलाने ती उतरलेली कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"म्हणजे गाडीने नाही फोडली," मुलगा म्हणाला.

"नाही. मी आणि तुझ्या बाबांनी मिळून फोडली."

पण तो तिचाच मुलगा. त्याने टेबलावरची किल्ली उचलली आणि खिशात टाकली. "तरी गाडीतच फुटली ना? किल्ली माझी."

"तुझी," काचवाली म्हणाली. "मी नवा आरसा कापते. पोचवायला गाडी तूच ने. मी शेजारी बसेन."

त्या दुपारी मुलाने एकेक गोणी हौद्यातून उतरवली. पहिली उचलताना तो वाकला आणि थबकला. इतकी वर्षं गोष्ट ऐकली होती, वजन आज पहिल्यांदा कळलं. आई सांगेल तिथे, भिंतीच्या कडेला, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी त्याने त्या रचल्या. तिने प्रत्येक गोणीवर एकदा हात ठेवला आणि मग आत जाऊन काच कापायला घेतली. रेघ एकदाच ओढली.

आरसा घोडीवर चढला. मुलगा चालकाच्या दाराने चढून स्टिअरिंगमागे बसला. काचवाली पलीकडच्या दाराशी गेलीच नाही. ती त्याच दाराला धरून रस्त्यात उभी राहिली.

"आई, बस ना पलीकडे."

ती हलली नाही. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत राहिला, सून दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली, समोरचा न्हावी कात्री हातात धरून बघायला लागला. मुलाने समोर बघितलं, आईकडे बघितलं, परत समोर बघितलं. मग त्याने खिशातून किल्ली काढून जागेवर खोचली, आणि खाली न उतरता, आतल्या आत त्या लांब सीटवरून पलीकडे सरकला.

काचवाली चढली. सीट आवाज न करता दबली.

फाटकाजवळचा उंचवटा आला तेव्हा मुलाने डोळे मिटले. तिने नाही मिटले. गाडी दबली, उठली आणि चालत राहिली. मुलाने मागे वळून आरशाकडे पाहिलं. अख्ख्या आरशात अख्खा रस्ता मागे पळत होता. "दुखतंय का?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "कुठे?"

हॉटेलच्या माणसांनी आरसा आत नेला. हॉटेलवाला पायऱ्या उतरून आला, बॉनेटवरून हात फिरवला, प्रवेशद्वारापाशी आखून ठेवलेली जागा दाखवली आणि मुलाला म्हणाला, "मग गाडी कधी सोडताय? माळी खोळंबलाय. झाडं, माती, सगळं तयार आहे."

काचवालीने तोंड उघडलं होतं. पण तिच्याआधी तिच्या शेजारी एक डावी भुवई वर चढली.

"विकायची नाही," मुलगा म्हणाला. "कुंड्यांसाठी हवी असेल तर आमच्याकडे चांगली जाड वाळू आहे. तेवढी देतो."

"वाळूसुद्धा नाही," काचवाली म्हणाली आणि गाडी सुरू केली.