आधी बटण बंद करा

“आधी बटण बंद करा, मग बोलू.”

फोन उचलल्यावर नमस्कार नाही, दुकानाचं नाव नाही. आमच्या दुकानात फोन घेणाऱ्या बाईंचं पहिलं वाक्य हेच. डोंबिवली पूर्वेला माझं मिक्सर आणि कुकर दुरुस्तीचं दुकान आहे. फोनवर बहुतेक वेळा वाटण करता करता मिक्सर बंद पडलेली एखादी गृहिणी असायची. तिचा एक हात अजून भांड्याच्या झाकणावर आहे, हे बाईंना इथे बसून दिसायचं. तुमच्यापैकी कोणी त्या काळी आम्हाला फोन केला असेल, तर तो आवाज तुम्ही विसरला नसाल.

भांडणालाही त्यांच्याकडे हेच औषध होतं. एक गृहस्थ एकदा काउंटरवर हात आपटत ओरडले, “तीन खेपा झाल्या माझ्या!” बाई शांतपणे म्हणाल्या, “आधी बटण बंद करा, मग बोलू.” गृहस्थांनी खरोखरच इकडेतिकडे बटण शोधलं. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं.

मिक्सरचा रोग बाई नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. “फोन मिक्सरजवळ धरा. करा चालू. हं, बंद. भांड्याखालची दातेरी चकती झिजलीय. घेऊन या, मिक्सर ठणठणीत आहे तुमचा.” आणि मिक्सर नुसताच तापून बंद पडला असेल तर, “उलटा करा. खाली लाल बटण आहे. दाबा. झाला चालू? करा चटणी.”

मी डोळे वटारायचो. “बाई, गिऱ्हाइकाला दुकानात तरी येऊ द्या!”

“येतील हो भाऊ. आज फुकट सांगितलंय ना, उद्या कुकर बिघडला की इथेच येतील.”

आणि गिऱ्हाइकं यायचीच.

आमचं दुकान दुपारी एक ते चार बंद. मी घरी जाऊन झोपायचो, आणि त्याची मला लाज वाटत नसे. पण मिक्सर नेमके याच वेळात बिघडतात. चारला येऊन पाहावं तर न उचललेल्या फोनची रांग. माझी कल्याणची पुतणी म्हणाली, “काका, मेसेजला आपोआप उत्तर देणारं एआय लावू या. तुम्ही झोपा, ते जागं राहील.” झोपेला धक्का लागत नाही म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. धास्ती बाईंची होती. तीस वर्षं फोन ज्यांच्या हातात, त्या रुसणार असं मी धरून चाललो होतो.

बाईंनी पदर खोचला आणि पुतणीला विचारलं, “याला शिकवायचं कोणी?”

पहिल्या आठवड्यात त्या मशीनने एका ताईंना कळवलं, की कारागीर तासाभरात घरी येईल. आमचा कारागीर आजवर कोणाच्या घरी गेलेला नाही. बाईंनी मेसेज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. “हे तुमच्यावर गेलंय, भाऊ. तुम्ही नाही का सगळ्यांना ‘उद्या मिळेल’ सांगत?”

पुतणी इतकी हसली, की तिला ठसका लागला.

मग दुपार-दुपार दोघी बसू लागल्या. बाई जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून आणायच्या, पुतणी ते मशीनमध्ये भरायची. गिऱ्हाईक काय म्हणतं आणि नेमकं काय झालेलं असतं, याची पानंच्या पानं. मिक्सरला वास येतो म्हटलं, तर आधी विचार, वास लसणीचा की जळका? “वस्तू तयार झाली का” या प्रश्नाला मशीनने उत्तर द्यायचं, कारण ते सांगताना माणूस कंटाळतो. कुकरचं झाकण अडकलं असेल, तर मशीनने गॅस बंद करायला सांगून गप्प बसायचं आणि सरळ माणसाला फोन जोडायचा. कोणी चिडलं असेल, तरी माणूसच. आपण मशीन आहोत हे सुरुवातीलाच सांगायचं. आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात, ‘माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. थाप नको.’

मशीन असं काही तयार झालं, की लोक मुद्दाम मेसेज करून बघायला लागले. आमच्या भागातल्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि समोर माइक. कोणीतरी विचारलं, “काका, या वयात हे जमवलंत कसं?” मी म्हणालो, “सहा महिने बसून एकेक उत्तर मी स्वतः भरलं.”

बाई तिसऱ्या रांगेत होत्या. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “भाऊ, शाल चांगली आहे.”

पुढे त्यांच्या लेकीला जुळं झालं आणि बाई घोडबंदर रोडला तिच्याकडे राहायला गेल्या. गिऱ्हाइकं विचारायची, बाई दिसत नाहीत? जुळ्यांचं सांगायचं, एवढं सोपं होतं. पण मग कोणी विचारलं असतं, आता मशीनचं कोण बघतं? शाल अंगावर घेतलेली होती, ती सांभाळायची होती. मी सांगू लागलो, “वय झालं हो त्यांचं. मशीन काही जमेना त्यांना.” एकदा सांगितलं. मग सगळ्यांनाच सांगितलं. वर्षभर.

गेल्या महिन्यात पुतणी आली आणि तिने मशीनचे जुने मेसेज उघडले. “काका, हा नंबर बघा. रोज दुपारी दीडला.”

नंबर बाईंचा होता. त्या गिऱ्हाईक होऊन मशीनची परीक्षा घेत होत्या. ‘कुकर शिट्टी देत नाही.’ मशीनने काहीतरी उत्तर दिलेलं. त्याखाली बाई, ‘चूक. आधी विचार, रिंग बसवली का. धुवायला काढतात आणि विसरतात.’ दुसऱ्या दिवशी, ‘आता बरोबर. शहाणा आहेस.’

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“नाही तर या दुरुस्त्या आपोआप झाल्या, असं वाटलं तुम्हाला? पानं गेली, आता मावशी असं शिकवतात, आणि मी ते मशीनमध्ये भरते.” तिने आणखी एक मेसेज उघडला. “आणि हा वाचा.”

बाईंनी मशीनला विचारलं होतं, ‘बाईंना मशीन जमलं नाही असं मालक सांगतात. खरं का?’

मशीनने लिहिलं होतं, ‘मला याबद्दल माहीत नाही. दुकानातल्या माणसाशी जोडून देऊ का?’

आणि बाईंनी, ‘नको. दुपार आहे. झोपले असतील.’

त्यानंतर माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना ज्यांना मी सांगितलं, त्यांनी ऐकावं. त्या मशीनमधलं एकही उत्तर माझं नाही. माझ्यासारखं एकच होतं, ते तासाभरात कारागीर पाठवणारं. ते बाईंनी काढून टाकलं.

पुतणीला सांगून मशीनचं पहिलं वाक्य मी बदलून घेतलं. मेसेज केलात की यायचं, ‘नमस्कार. मी मशीन आहे. मला शिकवलं ते...’ आणि पुढे बाईंचं पूर्ण नाव. इथे ते लिहीत नाही. हवं असेल तर दुकानाला मेसेज करून बघा.

बाईंना मी काही कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात जागाच बसलो होतो, फोन समोर ठेवून. बरोबर दीडला मेसेज आला.

‘चूक. माणसाचा हात भांड्यावर असतो. आधी बटण बंद करायला सांग. नाव मागून.’

मी तसं करून घेतलं. नाव आता दुसऱ्या ओळीत आहे.