पुढचे चार दात

माझ्या आतेभावाइतका खरं बोलणारा माणूस साऱ्या दिल्लीत झाला नाही, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही आहे असं मी अजिबात मानत नाही. खरं बोलायलाही काळवेळ असते. दादाला ती नव्हती. केंद्र सरकारच्या नोकरीत लागून तो साताऱ्याहून आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आला, तेव्हा मी शाळेत होते. पहिल्याच सकाळी आईने विचारलं, पोहे कसे झालेत. तर म्हणाला, मामी, मीठ विसरलात, पण भूक होती म्हणून चाललं. शेजारच्या पंजाबी आंटींनी हौसेने विणलेला स्वेटर दाखवला, तर याने एक बाही दोन बोटं लांब असल्याचं दाखवून दिलं, आणि मेली ती होतीही. ऑफिसात सगळे रजेच्या अर्जावर 'ताप' लिहीत. हा 'क्रिकेटची कॉमेंट्री ऐकण्यासाठी' असं लिहायचा. साहेबांनी रजा दिली नाही, पण अर्ज म्हणे पुष्कळ दिवस टेबलाच्या काचेखाली जपून ठेवला होता.

अशा माणसाचे चोविसाव्या वर्षी पुढचे दात गेले. जानेवारीच्या धुक्यात सायकलवरून ऑफिसला निघाला आणि रस्त्यात उभ्या असलेल्या दुधाच्या गाडीवर जाऊन आदळला. वरचे दोन दात तिथेच पडले, शेजारचे दोन डॉक्टरांनी काढले. तोंडाला रुमाल धरून घरी आला आणि आईला म्हणाला, मामी, आज भात टाका. बस, एवढंच. गाडीवाल्याला एका शब्दाने दोष दिला नाही. गाडी उभी होती, चालत मी होतो, असं बाबांना समजावून सांगितलं. हिरड्या भरून आल्यावर कवळी बसली. गुलाबी पट्टी आणि तिला चार दात. डॉक्टर म्हणाले, बेटा, किसी को पता नहीं चलेगा. त्या बिचाऱ्यांना आमचा दादा कुठे माहीत होता!

पंधरा दिवसांत आख्ख्या कॉलनीला पत्ता लागला, आणि सांगणारा हाच. पेरू घेताना भाजीवाल्याला म्हणायचा, भैया, अमरूद पका हुआ देना, आगे के दाँत नक़ली हैं. ऑफिसात कुणी अक्रोड पुढे केला की नुसतं 'नको' म्हणून भागत नसे, कारण सांगायलाच हवं. आम्हाला वाटे, याला काही लागतच नाही. पण एका रविवारी मी खोलीत शिरले तर तो कवळी हातात घेऊन आरशासमोर उभा होता. मला बघून ओठ घट्ट मिटले, कवळी बसवली आणि मग म्हणाला, "चिमे, हे काढलं की आरशात आजोबा दिसतात गं. मी अजून पंचविशीचाही नाही." तेवढ्यापुरतंच. पुढच्या क्षणी पेपर वाचायला बसला.

मग स्थळं बघायला सुरुवात झाली आणि खरेपणाची खरी किंमत कळली. पहिल्या मुलीच्या वडिलांनी व्यसन वगैरे काही आहे का विचारलं. व्यसन नाही, पण पुढचे चार दात माझे नाहीत, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या घरी त्यांना ती थट्टा वाटली, म्हणून याने कवळी काढून दाखवली. मुलीच्या आजीच्या हातून चहाची बशी पडली. तिसऱ्या घरून दोन दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. तिथे पत्रिका अजून दिलीच नव्हती. आत्या साताऱ्याहून पहिल्या गाडीने आली. चणे आहेत तेव्हा दात नाहीत, अशी माझ्या पोराची गत, म्हणून आधी डोळे पुसले आणि मग त्याला देवासमोर बसवून शपथ घातली: "लग्न लागून मुलगी घरात येईपर्यंत दातांबद्दल तोंडातून एक अक्षर काढलंस, तर माझं मेलं तोंड बघशील."

चौथी मुलगी फरीदाबादची. वडील कारखान्यात, मुलगी बँकेत, बोलायला शांत. दादाने जेमतेम चार वाक्यं बोलून सगळा वेळ पोह्यांकडे बघत काढला. ते मुलीला सालस वाटलं म्हणे! होकार आला, साखरपुडा झाला, आणि आमचा दादा वाळायला लागला. फसवतोय मी तिला, असं मला रोज सांगायचा. आत्याची शपथ मोडवत नव्हती आणि गप्प राहवत नव्हतं. एकदा दोघांना फिरायला पाठवलं, सोबत म्हणून मला. वाटेत भुट्टेवाला दिसला. दादाने तीन भुट्टे घेतले. आम्ही दोघी लिंबू-मसाला चोळून कणसं कुरतडत होतो आणि हा अंगठ्याने एकेक दाणा सोडवून, एका बाजूने चावून खात होता. अर्धा तास लागला. ती बघत होती. परतताना मी त्याला झापलं, तर म्हणाला, "शपथ बोलण्याची होती. खाण्याची नव्हती."

पण तिला काही कळल्याचं चिन्ह दिसेना, आणि लग्न तर येऊन ठेपलं. त्यात आत्याने आठवण काढली विडा तोडण्याची. नवरीने विड्याची सुरळी दातांत धरायची आणि नवऱ्याने हात न लावता बाहेरचा अर्धा दातांनी तोडायचा, मग उलट. सगळ्या बायका गराडा घालून बघणार. दादाने घरी सराव केला. खिडकीच्या गजाला विडा बांधला, चावून ओढला, आणि कवळी विड्यासकट गजाला लोंबकळली. तीनदा केलं, तिन्हीदा तेच. मला हसू आवरेना. तो मात्र खिडकीशीच बसून राहिला. लोक हसले तर हसू देत, म्हणाला, पण ती चारचौघांत खाली मान घालेल ना.

लग्न इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये झालं. जेवणं आटोपली, विड्याचं तबक आलं. मी करवली, अगदी खेटून उभी. फरीदाबादच्या मावश्या उखाण्यासाठी हटून बसलेल्या. दादाचा चेहरा पांढराफटक. नवरीने तबकातून एक सुरळी स्वतः निवडली, दातांत धरण्याआधी त्याच्याकडे जरा वाकली आणि हळूच म्हणाली, "ओढू नका. नुसते ओठ लावा, येईल." त्याने ओठ लावले. विडा आला. नंतर त्याने धरला, तिने तोडला, आणि त्याला धक्कासुद्धा बसला नाही. टाळ्या पडल्या. तबकात टाकलेला तुकडा मी उचलून पाहिला. पानाची कड दातांनी तुटल्यासारखी नव्हती, कात्रीने कापल्यासारखी सरळ होती. सुरळी जेमतेम एका शिरेवर टिकवलेली. विडे लावायचं काम नवरीने सकाळी हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं, हे तिच्या मावशीकडून नंतर कळलं. मी तो तुकडा तोंडात टाकला आणि खाऊन टाकला.

आत्या शेवटपर्यंत समजत राहिली की तिच्या शपथेमुळे लग्न जमलं. दादाने तिला खरं सांगितलं नाही. माझ्या माहितीतली ती त्याची एकच लबाडी.

आता दोघं मुलाकडे गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर राहतात. गेल्या महिन्यात वहिनीला वरची अख्खी कवळी बसली. सत्तरी उलटली तरी तिने ते मनाला लावून घेतलं होतं. चार दिवस कुणासमोर जेवत नव्हती, बोलताना तोंडावर पदर. मी भेटायला गेले तर दादा गॅसवर कणीस भाजत होता. सुनेने सांगितलं, बाबा, कॉर्न डब्यात मिळतं, सोललेलं. त्याने लक्ष दिलं नाही. वहिनीसमोर येऊन बसला आणि अंगठ्याने एकेक दाणा सोडवून तिच्या बशीत टाकायला लागला. ती म्हणाली, "चिमू आहे समोर." तो म्हणाला, "तेव्हाही होती."

वहिनीने पदर खाली घेतला आणि एक दाणा तोंडात टाकला. सावकाश, एका बाजूने. सगळं कणीस संपायला अर्ध्या तासापेक्षा जास्तच वेळ लागला, आणि मी मेट्रोची वेळ टळली तरी तिथून उठले नाही.