थांबणारी सिस्टर

लढाईच्या दिवसांत जबलपुरात सगळं भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की बाबा कारखान्यात जायचे, भोंगा झाला की घरोघरचे दिवे विझायचे. मी तेव्हा लहान, पाय भाजून दवाखान्यात पडलेली. पट्टी सोडताना सगळे म्हणायचे, "काही दुखत नाही." खोटारडे! एक उंच सिस्टर मात्र स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"दुखेल, बेटा. पण तू 'थांबा' म्हटलं की मी थांबीन."

मी मुद्दाम लगेच म्हटलं, "थांबा."

तिनं चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"काहून थांबल्या, सिस्टर?" आईनं विचारलं.

"पाय तिचा आहे ना!"

थोड्या वेळानं मीच म्हटलं, "चलो, करा आता."

भोंग्याचं ऐकायला सारं शहर होतं. माझं ऐकायला ती एकटी.