चौथ्याचा दगड

कोर्टाने मला महिन्यातले दोन शनिवार-रविवार दिले होते, पहिला आणि तिसरा. शनिवारी सकाळी सातारा स्टँडवर मुलगी ताब्यात घ्यायची, कडेगावला आणायची आणि रविवारी पाच वाजता तिथंच तिच्या आईला परत करायची. 'ताब्यात' हा शब्द माझा नव्हे, कागदावरचा. पहिल्यांदा वाचला तेव्हा टाळकं सरकलं होतं. मुलगी म्हणजे काय पोलिसांनी पकडलेली मोटरसायकल आहे? पुढं पुढं मीही तोच शब्द वापरायला लागलो.

मुलगी तेव्हा चार वर्षांची. पाच पूर्ण होईपर्यंत प्रवासात सोबत घरातलं बाईमाणूस पाहिजे, अशी अट होती, म्हणून माझी आई यायची. रविवारी परत सोडायला निघताना आम्ही तिघं व्हायचो आणि तिथंच आईचं घोडं अडायचं. आमच्याकडे तिघं मिळून घराबाहेर पडत नाहीत. पडायचंच झालं तर एकाच्या खिशात दगड टाकायचा, तो चौथा. आई अंगणातून सुपारीएवढा दगड शोधायची, पदराला पुसायची आणि नातीच्या फ्रॉकच्या खिशात घालायची.

"आता चौघं झालो बगा. चला."

मला असल्या गोष्टींचा लय राग. बारा वर्षं फौजेत काढलेला माणूस मी, मिनिटाचा उशीर खपत नाही. "यष्टी सुटंल, आन तू बस दगडं निवडत," मी ओरडायचो. आई ढिम्म. तिच्यावर ओरडून आजवर कुणाचं काही भलं झालेलं नाही.

कराडला गाडी बदलावी लागे. कराड यायच्या आत मुलीला हमखास उलटी व्हायची. मी पिशवी धरायचो, आई पाठ चोळायची. उलटी झाली की मुलगी खिशात हात घालून दगड चाचपायची. एकदा मी विचारलं, "काय हाय त्यात एवढं?"

"आई आहे," ती म्हणाली. "आज्जी, मी, पप्पा आणि आई. चौघं."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. कुणाच्या तरी उसाला तुरे आले होते. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तसा मी त्या वर्षी सगळाच होतो. दुखतंय हे माहीत होतं, दुखत नव्हतं.

मग तिच्या आईला हैदराबादला नोकरी लागली. मुलीला घेऊन जायची परवानगी तिने कोर्टात मागितली. ती मिळाली तर माझे शनिवार-रविवार गेले, एवढं साधं होतं. माझ्या वकिलाने बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला, चिडू नका. समोरच्या वकिलाने अर्ज वाचला. प्रवासात मुलगी आजारी पडते. खरंच होतं. दर वेळी तिच्या खिशात दगड सापडतात, वडिलांच्या घरी अंधश्रद्धेचं वातावरण आहे. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे दगड कसले?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. आई मागच्याच बाकावर बसली होती. मी म्हणालो, "मला माहीत नाही, मॅडम. आई काहीतरी करते."

परवानगी मिळाली. दगडांमुळे नव्हे, नोकरीमुळे, असं वकिलाने मला दोनदा समजावलं. आता मे महिन्यात पंधरा दिवस, दिवाळीत आठ, आणि दर रविवारी मोबाईलवर तोंड बघायचं. परतीच्या वाटेवर आई कराडला उतरल्यावर म्हणाली, "मी काय पोरीवर करणी करत हुते व्हय रं?" मला लाज वाटायला पाहिजे, हे कळलं. पण तीही वाटली नाही.

शेवटचा रविवार आला. मुलगी नुकतीच पाच वर्षांची झाली होती, बाईमाणसाची अट संपली होती. "तूच जा सोडायला," आई म्हणाली. तिने दारातच नातीचे मुके घेतले, डोळे पुसले, पण दगडासाठी अंगणात उतरली नाही.

"आज दगड नाही?" मुलीने वाटेत विचारलं.

"आज आपण दोघंच. दोघास्नी लागत न्हाई."

स्टँडबाहेर तिची आई आणि आईचे वडील गाडी घेऊन उभे होते. सोलापुरात मुक्काम करून हैदराबादला जाणार होते, मागची अर्धी सीट सामानाने भरलेली. सासऱ्यांना मी अजून मामाच म्हणतो. "आवं मामा, तिला खिडकीशी बसवा," एवढं सांगून मी उलटीच्या पिशव्या आणि लिंबाच्या गोळ्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी मान हलवली.

मुलगी गाडीच्या दारापाशी जाऊन थांबली. बोटांवर मोजत म्हणाली, "आई, आजोबा, मी. तिघं. चौथा कुठाय?"

"असलं काही नसतं गं बाळा, बस आता," तिची आई म्हणाली.

ती बसेना. दार धरून तिने भोकाड पसरलं. लोक बघायला लागले. मामा घड्याळ बघायला लागले. तिची आई माझ्याकडे वळली. चिडली नव्हती, थकली होती बिचारी. "तुम्हीच बघा आता काय ते."

मी दगड शोधायला भिंतीकडे गेलो. दगड ढिगानं पडले होते. एक उचलला, म्हटलं हा टोचेल. दुसरा उचलला, म्हटलं मोठा आहे. खोटं कशाला बोलू, मुद्दाम वेळ काढला. ज्याला एक मिनिट उशीर खपत नाही, तो मी, सुपारीएवढे दगड उचलून टाकत होतो. कारण मी दगड दिला की ती जाणार होती. शेवटी एक गुळगुळीत सापडला, त्यात खोट काढता येईना. शर्टाला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. रडणं थांबलं.

"ह्यो कोन?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"पप्पा," ती म्हणाली. दगड खिशात टाकला, खिशावर हात दाबून धरला आणि शहाण्यासारखी गाडीत चढून बसली.

घरी पोचलो तेव्हा आई पायरीवरच बसून होती. "तिघंच गेली व्हय रं?" तिने विचारलं. मामा गाडी घेऊन येणार हे तिला ठाऊक होतं, दिवसभर तिला तेच खात होतं.

"न्हाई, चौघं गेली," मी म्हणालो आणि तिच्या शेजारी बसलो. मग पायातले बूट काढायचंही सुचेना.