हळर्णला नेलेला तरवा

वेंगुर्ल्याहून ट्रक सुटला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि माझी छाती बोनेटच्याही पुढे होती. मागे हौद्यात तरवा भरला होता. तरवा म्हणजे लावणीसाठी वाफ्यात वाढवलेली भाताची रोपं. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी खाचरांच्या कोपऱ्यात राखलेली शिल्लक रोपं उपटून, मुठी बांधून दिली होती. पुरात बुडालेल्या गोव्यातल्या हळर्ण गावाला ती पोचवायची होती. अशी मदत आजवर कोणी नेली नसेल, हे माझं बाजारात प्रत्येकाला दोन-दोनदा ऐकवून झालं होतं.

कल्पना मात्र माझी नव्हती, द्रौपदीमावशीची होती. ही माझ्या आईची चुलत बहीण, लग्न होऊन पेडणे तालुक्यात हळर्णला गेलेली. आमच्याकडच्या सोयरिकी राज्याची हद्द जुमानत नाहीत. पूर ओसरल्यावर मी फोन करून काय पाठवू म्हणून विचारलं. कपडे नकोत, म्हणाली. देवळाच्या मंडपात कपड्यांचा ढीग पडलाय, घालायला माणसं कमी पडतील. तांदूळही आला होता. पण लावलेलं भात शापोरा नदीने मुळासकट नेलं होतं आणि तरव्याचे वाफेही गाळाखाली गेले होते. तुमच्याकडे शिल्लक तरवा असेल तर तो आण, म्हणाली. शेवटी तिने खरी गोष्ट सांगितली. तिचा मुलगा सुहास म्हापशाला नोकरीला. नवरा गेल्यापासून तो तिला तिकडे बोलावत होता आणि ती शेताचं निमित्त सांगून टाळत होती. आता निमित्तच वाहून गेलं होतं. रविवारपर्यंत शेत लागलं तर ती राहणार, नाहीतर सुहास गाडी घेऊन येणार आणि ती कायमची म्हापशाला जाणार, असं मायलेकरांचं ठरलं होतं. त्यानंतर लावणी करून तसाही उपयोग नव्हता. हा फोन गुरुवारचा. शनिवारी पहाटे मी ट्रकात.

आता माझा धंदा आंब्याचा. माल कसा भरायचा हे मला कोणी शिकवावं, हे मला सोसत नाही. शेतकरी सांगत होते, मुठी उभ्या ठेवा, मुळं ओली ठेवा, वारा लागू द्या. ड्रायव्हर बाबलही तेच पुटपुटला. मी म्हटलं, अरे, तीस वर्षं आंबा भरतोय, कधी एका फळाला डाग लागू दिला नाही, आणि तुम्ही मला सांगता? मुठी आडव्या रचल्या, थरावर थर, मधे गवत, वरून ताडपत्री करकचून आवळली. बाबलने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी चालू केली.

सावंतवाडीपर्यंत छान गेलो. बांद्याच्या अलीकडे रस्त्यावर दरड आली होती, ती काढेपर्यंत चार तास गाडी जागची हलली नाही. पावसाने उघडीप दिली होती आणि श्रावणातलं ऊन चांगलंच तापलं होतं. मी खाली उतरून लोकांना आमच्या ट्रकाची कथा सांगत होतो. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली तेव्हा दुपार झाली होती. पेडण्याच्या बाजारात पोदेराकडचे (पाव भाजणाऱ्याकडचे) गरम उंडे (गोल पाव) आणि पातळभाजी खाल्ली. तो पैसे घेईना. हळर्णला चाललात ना, मग गप्प खा, म्हणाला.

हळर्ण जवळ आलं तशी पुराची खूण दिसायला लागली. घरांच्या भिंतींवर जनेलांच्या (खिडक्यांच्या) वरपर्यंत मातकट रेघ. जुन्या कोटाचे पडके दगड पावसाने धुऊन स्वच्छ झालेले आणि त्याखालची खाचरं गाळाने बुजलेली. काही खाचरांतला गाळ मात्र उपसून, चिखलणी करून तयार होता. माणसं सरकारची वाट बघत बसली नव्हती, कामाला लागली होती. मला फार बरं वाटलं.

ट्रक थांबला तशी नऊ-दहा घरची माणसं जमली. मी ऐटीत ताडपत्री सोडायला लावली. आतून गरम वाफेचा भपकारा तोंडावर आला. मधले थर पिवळे पडले होते, हातात घेतले तर पानं गळून येत होती. द्रौपदीमावशी चाकावर पाय देऊन वर चढली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मला म्हणाली,

‘शिजलो रे. हो आंबो न्हय, पिकाक घालूक.’ (शिजला रे. हा काही आंबा नव्हे, पिकायला घालायला.)

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्या माणसांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी मला चहा दिला. बायकांनी सगळ्या मुठी ओहोळात नेऊन सोडल्या, पाण्यात धुऊन जिवंत रोप वेगळं काढलं. वरचे आणि कडेचे थर वाचले होते. जिथे तीन रोपं लावायची तिथे एकच लावायचं ठरवूनही सगळ्या घरांना पुरेल इतका तरवा होईना. एका घराला कमी पडत होता. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तशी मावशीच बोलली. तिचं शेत सगळ्यांत खाली, नदीला लागून.

‘माझ्या शेताचां रवांदी. आदीं हांकां दिया.’ (माझ्या शेताचं राहू दे. आधी यांना द्या.)

दुसरे नको नको म्हणाले, पण तिने तोवर पदर खोचून मुठी वाटायलाही घेतल्या होत्या. तिचाच फोन, तिचीच युक्ती आणि तिचंच शेत रिकामं राहणार, ते माझ्या दीडशहाणपणामुळे. त्या संध्याकाळी तिने मला उकड्या तांदळाची पेज वाढली आणि माझ्या मुलांची चौकशी केली.

रविवारी सकाळी बाबल म्हणाला, साखळीकडे जाऊन बघूया का? खाणी चालू होत्या तेव्हा तो तिकडे खनिजाचे ट्रक चालवायचा आणि साखळीजवळ कारापूरला यशोदावहिनींच्या घरी भाड्याने राहायचा. पाणी तिकडेही भरलं होतं, पण लवकर ओसरलं होतं. शेतकरी कोपऱ्यात तरवा राखतोच, कुठे रोप मेलं तर तिथे लावायला. तो शिल्लक असेल, असा बाबलचा हिशेब. मावशीला काही न सांगता आम्ही डिचोलीमार्गे निघालो. साखळीच्या बाजारात दुकानदार भिजलेला माल फळ्यांवर वाळत घालून, त्याच्याच बाजूला बसून गिऱ्हाईक करत होते.

कारापूरला यशोदावहिनी घरातला गाळ खरवडत होत्या. त्यांची स्वतःची चूल अजून ओसरीवर होती. बाबलने सगळी हकीकत सांगितली, माझ्या आंब्याच्या पॅकिंगसकट. काही म्हणजे काही लपवलं नाही. वहिनी पोट धरून हसल्या. मग हातातलं खोरं टाकून त्यांनी शेजारणींना हाक मारली. कोण द्रौपदी, कुठल्या जातीची, कोणाची, एका बाईनेही विचारलं नाही. दोन तासांत पाच शेतांचे कोपरे रिकामे झाले. मुठी उभ्या, मुळं चिखलात, वर पाणी शिंपडलेलं, ताडपत्री गुंडाळून पायाखाली. माल भरताना मी तोंड बंद ठेवलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

निघताना बघतो तर यशोदावहिनी आणि आणखी पाच बायका हौद्यात चढून बसलेल्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही कशाला? तुमची घरं अजून चिखलात आहेत.

‘आमचो तरवो, पयली मूठ आमच्या हातान,’ त्या म्हणाल्या. तरवा दुसऱ्याच्या शेताला द्यायचा तर पहिली मूठ देणारीने लावायची, नाहीतर तो धरत नाही, अशी त्यांच्याकडे रीत. नुसता टाकून जाणं म्हणजे भिकाऱ्याला घालणं, असं त्यांचं म्हणणं. गाळ काय, उद्याही तिथेच असणार होता.

हळर्णला पोचलो तर सुहासची गाडी दारात. मावशीची ट्रंक गाडीत चढवलेली आणि ती ठेवणीतलं लुगडं नेसून बल्कांवावर (ओसरीवर) बसलेली. तिने ट्रक पाहिला, उभ्या मुठी पाहिल्या, अनोळखी बायका पाहिल्या. मग उठून आत गेली आणि जुनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून बाहेर आली. सुहास आडवा आला. पोरगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. पुढच्या वर्षी परत पाणी आलं तर काय करशील, असं त्याने विचारलं.

‘उदक येतलां आनी वतलां,’ मावशी म्हणाली. ‘मी खंय वचू?’ (पाणी येईल आणि जाईल. मी कुठे जाऊ?)

आणि ती खाचरात उतरली. पहिली मूठ यशोदावहिनींनी लावली. रीत तेवढीच होती, पण त्या सहाजणींतली एकही बाहेर आली नाही. आपली लावणी उरकलेली हळर्णची माणसं चहा न घेताच उतरली. मी बांधावरून मुठी फेकत होतो. आंबेवाल्याला तेवढंच काम दिलं होतं. थोड्या वेळाने सुहासने पँट वर दुमडली आणि आईच्या शेजारच्या ओळीला लागला. दिवस मावळायच्या आत शेत लागलं. ट्रंक परत घरात त्यानेच नेली.

सोमवारी कारापूरच्या बायकांना घरी सोडून आम्ही वेंगुर्ल्याला परतलो. बाजारात लोक विचारायला आले, काय काय वाटलंत? मी खरं ते सांगितलं. मी अर्धा ट्रक शिजवून नेला होता, द्यायचं ते त्यांनीच एकमेकांना दिलं. ज्यांच्या चुली ओसरीवर होत्या, त्या बायका दुसऱ्या तालुक्यातल्या बाईचं शेत लावायला उठून गेल्या. ही माझी माणसं, हे सांगताना मला आजही भरून येतं. बाजार आठवडाभर मला शिजवलेला तरवा म्हणून चिडवत होता. चिडवू दे.

दिवाळी झाल्यावर सुहासचा फोन आला. आई म्हापशाला येऊन गेली, म्हणाला. हातात पिशवीभर फोव (पोहे), त्याच शेतातल्या नव्या भाताचे. सूनबाईने वर्षभर राहा म्हणून आग्रह केला.

‘पाहुणी म्हणून आली,’ तो म्हणाला, ‘फोव दिले, नातवंडांना दटावलं आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या बसने आपल्या घरी गेली.’

तो तक्रार करत होता की फुशारकी मारत होता, मला कळलं नाही. आमच्याकडे दोन्हींचा सूर एकच असतो.