गावाने दिलेले गुण

बनसोडे बाई या महिन्यात निवृत्त होत असल्या, तरी सांगलीच्या आमच्या महाविद्यालयाची मुले यंदाही त्यांच्या उपक्रमातून माण तालुक्यातल्या एका गावात कामाला जाणार आहेत. तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा हौसाबाई यांनी दहिवडीच्या एसटीडी बूथवरून स्वतः फोन करून हे पक्के केले. साठीनिमित्त बाईंना याहून मोठी भेट मिळेल असे मला वाटत नाही, कारण हे नाते एकदा तुटता तुटता वाचले आहे.

प्रा. सुलोचना बनसोडे समाजशास्त्र शिकवतात, मी मराठी. आमची ओळख स्टाफरूममध्ये चहावर झाली. मी वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो हे कळताच त्या म्हणाल्या, "मग चला आमच्याबरोबर माणला. कौतुक छापायला नव्हे, काय चुकतंय ते पाहायला."

चुकत बरेच होते. मुले परीक्षा सांभाळून जात, घरोघरी दरवर्षी तेच प्रश्न विचारत आणि अहवाल लिहून गुण मिळवत. गावाच्या हाती काही लागत नसे. हौसाबाईंनी एका बैठकीत तोंडावर सांगितले, "आवं बाई, तुमची पोरं मार्कं घिऊन जात्यात. आमास्नी काय घावतं? पुढल्या साली नगा येऊ."

बाईंनी वाद घातला नाही. काम मंडळाने ठरवावे आणि गुणही मंडळानेच द्यावेत, असे त्यांनी सुचवले. मंडळाने विहिरीतला गाळ काढायला सांगितले. गाळ निघाला, गुण मात्र सगळ्यांना पैकीच्या पैकी. गाळाची एक पाटीही न उचलता सावलीत बसलेल्या मुलालासुद्धा. ही थट्टा बंद करा, नाहीतर उपक्रमच बंद होईल, असे महाविद्यालयाच्या समितीने बजावले. बाई पुन्हा गावात गेल्या. पाहुण्या लेकराला कमी गुण देणे म्हणजे त्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढणे, असे बायकांचे म्हणणे पडले.

मग बाईंनी गुणांचा विषयच सोडला. एकेकाचे नाव घेऊन त्या विचारू लागल्या, याला पुन्हा बोलवाल का? तेव्हा हौसाबाई मोकळ्या झाल्या. "ती घाऱ्या डोळ्यांची पोरगी धाडा, लय राबती. त्यो सावलीतला गडी नगं. त्याला आईजवळच ऱ्हाऊ द्या." बायका पदराआड हसल्या, आणि आमच्यात बसलेला तो मुलगाही हसला. त्या उत्तरांवरून बाईंनी गुण लावले. समितीने ते मान्य केले. पुढच्या वर्षी तो मुलगा मंडळाची परवानगी मागून आला.

बाईंचा जिव्हाळा असाच, गाजावाजा न करणारा. माझी आई आजारी असताना त्यांनी माझे तास परस्पर घेतले. ते मला मुलांकडून कळले. त्या माझ्यापेक्षा बरे शिकवतात, हेही मुलांकडूनच.

बाईंना उदंड आयुष्य मिळो, आणि त्यात गुडघ्यांची तक्रार नसो, कारण मंडळाचे गाव चढावर आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले निघतील. यंदा तळ्याच्या काठी झाडे लावायची आहेत. बाईंनी बरोबर यावे, असा मंडळाचा आग्रह आहे. त्यांनी अजून होकार कळवलेला नाही. पण नव्या चपला घेतल्या आहेत, असे त्यांच्या घरून समजते.